खांब तरुण झाला त्याची गोष्ट

मुलांनो, डोळे मिटा पाहू. मिटलेत? एक डोळा किलकिला ठेवलात तरी चालेल, नाहीतर पुढचं वाचणार कसं?

आता असं समजा की तुम्ही आमच्या गावात आला आहात. मेकाँग नदी मागे राहिली, भातखाचरं संपली, आणि रबराच्या झाडांच्या रांगा सुरू झाल्या. प्रत्येक झाडाच्या कमरेला एक वाटी, वाटीत पांढरा चीक. त्या चिकाचे ताव लाटून आम्ही दोरीवर वाळत घालतो, म्हणून सगळ्या गावाला एक आंबूस वास येतो. तो आला की नाक धरू नका. आम्हाला वाईट वाटतं.

पुढे बुद्धविहाराचा मोकळा मंडप. तिथे सगळं गाव हात पुढे करून बसलंय, जणू कासार बांगड्या भरायला आलाय. मधोमध एक गोरेगोमटे गृहस्थ. पांढरी विजार, पांढरा सदरा, गळ्यात ताईतांची माळ आणि तिच्यात अडकलेला डॉक्टरांचा स्टेथोस्कोप. मांत्रिकावर विश्वास असणाराही सापडावा आणि डॉक्टरवर असणाराही सुटू नये, अशी सोय.

हे आचार्य दुआंगदी.

"माझं वय ओळखा," आचार्य म्हणाले.

"पंचेचाळीस," आमचे सरपंच वीरापोल म्हणाले.

"एक्क्याण्णव!"

मंडपात "आँ!" झालं. आचार्यांनी उजवा हात वर केला. मनगटात पांढऱ्या दोऱ्याचं एक वेटोळं होतं, ते थेट गुडघ्यापर्यंत लोंबत होतं.

"हा दोरा बांधला तेव्हा मनगटाला घट्ट होता, बरं का! तुमच्या शरीरात कोट्यवधी पेशी. प्रत्येक पेशीत आयुष्याची दोरी. दोरीच्या टोकाला काय? टेलोमियर! परदेशातल्या शास्त्रज्ञांना हे आत्ता कळलं. माझ्या गुरूंना तीनशे वर्षांपूर्वीच ठाऊक होतं, पण ते कुणाला बोलले नाहीत."

"मग तुम्हाला कसं कळलं?" मागून एका मुलीचा आवाज आला.

"श्शू!" आचार्यांनी कपाळाला हात लावला. "बाळ, काळजी केली की टेलोमियर आखडतं. जागरण केलं की आखडतं. आणि प्रश्न विचारला, की तर एकदम दोन वर्षं कमी!"

मुलीच्या आजीने तिच्या तोंडावर हात ठेवला. मी या गावच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं शिकवलंय, त्यामुळे मला गप्प बसवेना. "लांबी मोजता कशी आचार्य?" मी विचारलं.

"गुरुजी, गुरुजी!" आचार्य कळवळले. "गेली ना दोन वर्षं! या वयात!"

माझ्या डाव्या-उजव्या बाजूचे दोघे जरा सरकून बसले. माझी वर्षं जाताना त्यांची सोबत घेऊन जातील, अशी भीती असावी.

मनगटाला पांढरा दोरा बांधणं आमच्याकडे नवं नाही. बाळ जन्मलं, कुणी आजारातून उठलं, कुणी परगावी निघालं, की घरची म्हातारी माणसं दोरा बांधतात आणि भरकटलेल्या जिवाला "परत ये रे बाबा" म्हणून हाक मारतात. गोड रीत आहे. तिचा नियम असा, की दोरा निदान तीन दिवस काढायचा नाही, आणि कापायचा तर कधीच नाही. कापला तर बांधणाऱ्याची माया कापली जाते म्हणे. आचार्यांना हा नियम आमच्यापेक्षा पक्का ठाऊक होता.

त्यांनी सगळ्या गावाला दोरे बांधले, चांगले मनगटाला चिकटतील असे. वर एकेक डबी पिवळा मलम दिला. "रोज सकाळ-संध्याकाळ दोऱ्यावर चोळायचा. आतली दोरी वाढली की बाहेरचा दोरा सैल होईल. सातव्या दिवशी बघा!" मलमाच्या डबीला रबराचा एक ताव, एवढीच दक्षिणा. आचार्यांची छोटी मालवाहू गाडी दुपारपर्यंत निम्मी भरली.

उठता उठता त्या मुलीच्या आजीने हात जोडून विचारलं, "आचार्य, मी रक्तदाबाची गोळी घेते. ती चालेल ना?"

"गोळी?" आचार्यांनी डोळे मोठे केले. "गोळी म्हणजे दोऱ्याला कात्री! आजपासून बंद."

खरी गोष्ट इथून सुरू होते.

त्या आजीचं नाव खाम्फून, आणि नातीचं प्लातू. प्लातू म्हणजे बांगडा मासा. आमच्याकडे मुलांना अशीच घरगुती नावं असतात. तिच्या वर्गात एक बेडूक आहे आणि एक पेन आहे. प्लातूचे आईवडील दूर बँकॉकला कारखान्यात कामाला. इथे ती, आजी आणि थोंगबाय आजोबा.

दुसऱ्या दिवशी आजीने सकाळची गोळी कोंबडीच्या ताटलीत टाकली. कोंबडीने ती गिळली, आणि दिवसभर समाधी लागल्यासारखी एका जागी बसून राहिली.

"आजी, कोंबडीला रक्तदाब आहे का?" प्लातूने विचारलं.

"प्रश्न नको विचारूस गं बये! तुझी दोन वर्षं जातील."

"तुझ्या गोळीचं काय पण?"

"हे बघ," आजीने तिला जवळ ओढलं. "तुझी शाळा पुरी होईस्तोवर मला जगायचंय. तुझी आई तिकडे, बाप तिकडे. मी गेले तर तुला भात कोण रांधून घालणार? हे आजोबा? ते पाणीसुद्धा करपवतील."

आजी मूर्ख नव्हती. तिला फक्त थोडी जास्तीची वर्षं हवी होती, आणि तीही नातीसाठी. ठकवणाऱ्या माणसाला नेमकं असंच गिऱ्हाईक हवं असतं.

चौथ्या दिवशी आजी घराच्या जिन्यावरून उतरताना गरगरली. खांब धरला म्हणून वाचली. प्लातू धावत माझ्याकडे आली आणि मी तिला घेऊन आरोग्यकेंद्रातल्या पिकुनताईंकडे गेलो. पिकुनताई नर्स, पण गाव त्यांना डॉक्टरच मानतं. त्या लगेच आल्या.

"आजी, दंड पुढे करा. दाब बघू."

"नको गं बाई. तुझा तो पट्टा आवळतो, माझ्या दोऱ्याला ताण बसेल."

"दोरा मनगटाला आहे, पट्टा दंडाला!" ताईंनी बोलता बोलता पट्टा बांधलासुद्धा. यंत्राकडे पाहून त्यांचा चेहरा उतरला. "आकडा फार वर गेलाय आजी. आज गोळी घ्याच."

"आकडा वर गेला? म्हणजे आयुष्य वाढलं!" आजी खूश झाली. "आणि हे बघ, कालपासून दोराही सैल व्हायला लागलाय."

खरंच होत होता. परवापर्यंत चिकटलेला दोरा आज मनगटावर फिरत होता. पिकुनताई माझ्याकडे बघायला लागल्या, मी त्यांच्याकडे. आजीचा दोरा कापून पाहायची तर सोयच नव्हती.

तेवढ्यात थोंगबाय आजोबा रबराच्या बागेतून आले. एका हातात चिकाची बादली, दुसऱ्या हाताने चड्डी धरलेली. आजोबांचं हे ध्यान गावाला पाठ आहे. झाडापुढे वाकून वाकून त्यांची कंबर दुखते, म्हणून ते रोज कंबरेला मलम चोळतात. आणि त्यांची चड्डी, कितीही नवी आणा, महिन्याभरात घसरायला लागते.

"आजोबा," प्लातू त्यांच्याकडे टक लावून बघत म्हणाली, "तुमची चड्डी नेहमी मागूनच का घसरते? पुढून का नाही?"

"मागे मलम लागतो ना, म्हणून. इलॅस्टिकात रबर असतं, आणि रबराला तेल लागलं की ते फुगतं, ढिलं पडतं. रबरवाल्याची नात तू, आणि एवढं ठाऊक नाही? परवा तळणीच्या हाताने ताव उचललास तेव्हा कुणी ओरडा खाल्ला?"

प्लातूने आजोबांच्या चड्डीकडे पाहिलं. मग आजीच्या मनगटाकडे पाहिलं. मग परत चड्डीकडे.

"पोरी, लाज वाटते मला," आजोबा म्हणाले.

पण प्लातू तिथे होतीच कुठे? ती सरपंचांच्या घराकडे पळाली होती. आचार्यांचा मुक्काम तिथे होता, आणि तो पडल्यापासून सरपंचांच्या कोंबड्या दिवसेंदिवस कमी होत होत्या.

"आचार्य, आमच्या घराच्या खांबांना दोरे द्या ना," प्लातू म्हणाली. आमच्याकडे घराच्या खांबांनाही दोरे बांधतात, त्यामुळे आचार्यांना काही वावगं वाटलं नाही. तंगडी चघळत त्यांनी दोन दोरे काढून दिले आणि रबराच्या आणखी एका तावाची मागणी केली.

सातव्या दिवशी मंडप पुन्हा भरला. कुणी मनगट हलवून दोरा गरगर फिरवत होतं, कुणी त्याखाली बोट घालून दाखवत होतं.

"माझी दोन बोटं जातात!"

"माझी तीन! मी तर परवा सायकल चढावर हाणली."

"तुझी सायकल उतारावर होती, मी बघितलं."

"चूप! काळजी लावू नकोस, दोरा आखडेल."

आचार्यांनी हात वर केले. "बघितलंत? एका आठवड्यात गाव तरुण झालं! आता वर्षभराचा मलम घेऊन ठेवा. आणि हो, औषधाच्या गोळ्या, तपासण्या, सगळं बंद!"

"आचार्य, मला काही विचारायचंय."

प्लातू उभी राहिली होती. आजीने तिचा झगा खाली ओढला. "बस गं! वर्षं जातील!"

"आजी, मी नऊ वर्षांची आहे. माझ्याकडे भरपूर शिल्लक आहेत. म्हणून मीच विचारते."

मंडपात कुणीतरी खुदकन हसलं. आचार्यांनी ताईत कुरवाळले. "विचार बाळ. पण तुझ्या जबाबदारीवर."

"माझा दोरा सैलच झाला नाही. हा बघा, अजून घट्ट आहे. मी मलम लावला नव्हता."

"बरोबर! तू लहान आहेस. तुझं टेलोमियर आधीच लांब."

"मग आमच्या घराच्या खांबाचं?"

"कुणाचं?"

"खांबाचं. उजव्या खांबाच्या दोऱ्याला मी रोज मलम चोळला. डाव्याला नाही. उजव्याचा दोरा सैल होऊन खाली घसरला. डाव्याचा तस्साच राहिला. म्हणजे उजवा खांब तरुण झाला ना? त्याला पालवी कधी फुटेल?"

आता हसू दाबता येईना. सरपंचांच्या बायकोने पदरासारखा पंचा तोंडात कोंबला. आचार्यांनी मात्र हार मानली नाही.

"श्रद्धा लागते बाळ, श्रद्धा! ज्याचा विश्वास नाही, त्याचा दोरा वाढत नाही."

"आणि खांबाचा होता विश्वास?"

आचार्य मलमाच्या डब्या गोळा करायला लागले. चीक आटल्यावर झाड जसं दिसतं, तसे ते दिसले.

"मी खांबाला विचारलं, दोरा काढू का," प्लातू म्हणाली. "तो काही बोलला नाही. म्हणून मी दोन्ही काढून आणलेत." तिने दोरे आजोबांच्या हातात दिले. "आजोबा, तुम्ही सांगा हे काय आहे."

थोंगबाय आजोबांनी एका दोऱ्यावर नख चालवलं. वरचं पांढरं सूत सालीसारखं सुटलं. आत एक पिवळसर तार निघाली. आजोबांनी ती हुंगली, दाताखाली धरली, आणि त्यांचे डोळे लकाकले. मग ती ताणून पाहायला त्यांनी दोन्ही हात लावले.

दोन्ही हात तारेला लागले, म्हणजे चड्डी धरायला एकही उरला नाही.

"रबर!" आजोबा गरजले, आणि त्याच क्षणी चड्डी घोट्यावर आली. "अरे, हे तर आपलंच रबर!"

आतला लंगोट जागेवर होता म्हणून बरं. पण मंडप असा काही हसला, की विहाराचं कुत्रं उठून बाहेर गेलं. आजोबांनी मात्र चड्डी उचलायची घाई केली नाही. खाली बोट दाखवून म्हणाले, "बघा! हीसुद्धा मलमानेच ढिली पडली. आचार्यांच्या हिशेबाने गावात सगळ्यांत तरुण माझी चड्डी!"

गंमत अशी, की मंडपातल्या प्रत्येकाचा जन्म रबरात गेलेला. रबराला तेल लागू द्यायचं नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण वर सूत गुंडाळलेलं, बांधणारा आचार्य, आणि दोरा कापायचा नाही ही रीत. मग आत कोण बघणार? रबर देऊन आम्ही रबर विकत घेतलं, आणि मलमाने ते ढिलं केलं आमचं आम्हीच. आचार्यांचा स्वतःचा तो गुडघ्यापर्यंतचा दोरा? तो नुसताच लांब बांधलेला होता. त्याला विद्यासुद्धा लागत नाही.

"मला गुरूंचं बोलावणं आलंय," म्हणत आचार्य उठले.

"येऊ दे," सरपंच त्यांच्यापुढे उभे राहिले. "आधी गाडीतले ताव उतरवा. सगळे. माझ्या कोंबड्या काही परत मिळायच्या नाहीत."

आचार्यांनी ताव उतरवले. ओझं वाहताना ते प्रथमच एक्क्याण्णव वर्षांचे दिसले.

"मग ते टेलोमियर म्हणजे पण थापच का?" एकाने विचारलं.

"नाही, ते खरं आहे," पिकुनताई म्हणाल्या. त्यांनी एका मुलाचा बूट मागून घेतला आणि नाडी वर धरली. "नाडीच्या टोकाला हे प्लास्टिक असतं ना? ते नसेल तर नाडी उसवते. आपल्या पेशीत बारीक धागे असतात, त्यांच्या टोकांना असंच संरक्षण असतं. त्याला टेलोमियर म्हणतात. पेशीपासून दुसरी पेशी होते, तेव्हा ते टोक थोडं झिजतं. फार झिजलं की ती पेशी नवी पेशी करायची थांबते."

"आणि काळजीने आखडतं ते?"

"वर्षानुवर्षं काळजी करणाऱ्या, सिगारेट ओढणाऱ्या माणसांमध्ये ही टोकं आखूड सापडतात. हृदयाच्या काही रोग्यांमध्येही. पण दोन गोष्टी एकत्र सापडल्या म्हणजे एकीमुळेच दुसरी झाली, असं नसतं. त्याचा अभ्यास अजून चालू आहे. आणि नुसती लांब टोकं म्हणजे चांगलंच, असंही नाही. कॅन्सरच्या पेशी आपली टोकं झिजू देत नाहीत, म्हणून तर त्या थांबत नाहीत. ही टोकं मोजायची तर प्रयोगशाळा लागते. मनगटावर ती दिसत नाहीत, आणि मलम चोळून वाढत नाहीत."

ठकवणारा माणूस सगळंच खोटं बोलत नाही, मुलांनो. तो एक खरा शब्द कुठून तरी उचलतो आणि आपल्या रबराभोवती गुंडाळतो. म्हणून शब्द मोठा आहे की छोटा, हे बघू नका. सूत सोलून बघा. एका खांबाला मलम लावा, दुसऱ्याला लावू नका, आणि काय होतं ते बघा. आणि प्रश्न विचारायला जो बंदी करतो, त्याला आधी प्रश्न विचारा. त्याने एक दिवसही कमी होत नाही. मी आयुष्यभर विचारतोय, आणि अजून तुम्हाला गोष्ट सांगायला शिल्लक आहे.

मंडप रिकामा व्हायला लागला. खाम्फून आजी मात्र जागची हलली नाही. सैल दोरा मनगटावर फिरवत बसली होती. हसली नव्हती ती एकटीच.

"मग आता हिची शाळा होईस्तोवर मी जगू कशी?" ती हळूच म्हणाली.

"गोळी घेऊन," पिकुनताई म्हणाल्या. "दुपारची झोप काढून. आणि मिठाचा हात जरा आखडता घेऊन. एवढंच आहे आजी. वर्षं मोजून देता येत नाहीत मला, पण चक्कर थांबेल आणि धोका कमी होईल."

"बघू उद्या," आजी म्हणाली. चार माणसांत फसल्याची लाज तिच्या नाकावर बसली होती. "आज जीव नाही लागत कशात."

आम्ही मोठी माणसं तिला समजावत राहिलो. पिकुनताईंनी सांगून पाहिलं, मी सांगून पाहिलं, आजोबांनी चड्डी सावरत सांगून पाहिलं. आजी "बघू उद्या"वरून हलेना.

तेव्हा प्लातूने काय केलं?

ती विहारातल्या भिक्खूंकडून पांढऱ्या सुताची गुंडाळी मागून घेऊन आली. नुसतं सूत, आत काही नाही. पिकुनताईंना सोलून दाखवलं. मग घरी जाऊन आजीच्या गोळ्यांची पट्टी आणली. आजीपुढे गुडघे टेकले, पट्टीच्या कोपऱ्याला भोक पाडून दोरा ओवला, आणि तो आजीच्या मनगटाला बांधायला लागली. म्हातारी माणसं बांधतात तशीच, प्रत्येक गाठीला हाक मारत.

"माझ्या आजीच्या जिवा, परत ये. रबराच्या बागेत असशील तर परत ये. जिन्यावर गरगरत असशील तर परत ये. कोंबडीच्या ताटलीत असशील, तर आधी तिथून परत ये. रोज सकाळी भाताबरोबर एक गोळी घे, आणि माझी शाळा होईस्तोवर इथेच राहा."

"अगं ए बांगड्या! हे काय लटकवलंस?" आजीने हात वर केला. गोळ्यांची पट्टी चमचम करत झुलली. "सोडव आधी. लोक हसतील."

"सोडवता येत नाही आजी. तीन दिवस तरी नाही."

"मग काप!"

"कापता तर मुळीच येत नाही. माया कापली जाते. तूच सांगतेस ना?"

आजीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. पिकुनताईंना अचानक खोकला आला. आजीने पुन्हा त्या झुलणाऱ्या पट्टीकडे पाहिलं, मग गुडघे टेकून बसलेल्या नातीकडे, आणि तिच्या नाकावरची लाज हळूहळू खाली उतरली.

"पाणी आण," आजी म्हणाली.

प्लातू पाण्याला धावली.